बेटांनी दत्तक घेतलेली माणसं

१९६६ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये पीस कोअरची, म्हणजे परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची, एक नवी जाहिरात फिरू लागली. पॅसिफिक महासागरातल्या मायक्रोनेशियाच्या बेटांवर शिक्षक, आरोग्यसेवक आणि बांधकामाची माहिती असलेले तरुण हवे होते. जाहिरातीत त्या बेटांचं वर्णन थेट ‘नंदनवन’ असं केलेलं होतं. व्हिएतनामचं युद्ध भडकलं होतं, सक्तीच्या सैन्यभरतीची टांगती तलवार प्रत्येक तरुणाच्या डोक्यावर होती आणि नुकती पदवी घेतलेल्या मुलामुलींना देशासाठी काहीतरी चांगलंही करायचं होतं. अर्जांचा पाऊस पडला. निवडलेल्यांची पहिली तुकडी फ्लोरिडाच्या अगदी टोकाला, की वेस्ट इथे प्रशिक्षणाला बसली. काही महिन्यांतच ही मुलं अशा ठिकाणी उतरली, ज्याचं नाव त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी ऐकलेलंही नव्हतं.

तो प्रदेश होता ‘ट्रस्ट टेरिटरी ऑफ द पॅसिफिक आयलंड्स’. एकवीसशेच्या आसपास बेटं, त्यातल्या जेमतेम शंभरांवर माणसांची वस्ती. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तर ती गोव्याच्या निम्मी भरेल आणि ज्या समुद्रावर ती विखुरली आहेत तो मात्र भारताच्या दुपटीहून मोठा. लोकसंख्या लाखाच्या आत. स्पेन, मग जर्मनी, मग जपान अशी राज्यं तिथल्या लोकांनी पाहिली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, संयुक्त राष्ट्रसंघाने हा प्रदेश विश्वस्त म्हणून अमेरिकेच्या हाती दिला. विश्वस्ताने पुढे बरीच वर्षं तिथे फारसं काही केलं नाही. अपवाद मार्शल बेटांचा. तिथे १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने ६७ अणुचाचण्या केल्या.

स्वयंसेवक इथे एवढ्या संख्येने का आले, याचं उत्तर फक्त सेवाभावात सापडत नाही. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांनी अर्थतज्ज्ञ अँथनी सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ या बेटांवर धाडलं. मंडळाने गोपनीय अहवाल दिला. बेटांवर सार्वमत घ्यावं, लोकांचा कल अमेरिकेशी कायमचं नातं जोडण्याकडे वळेल असं पाहावं, त्यासाठी शाळा-दवाखान्यांवर पैसा खर्च करावा आणि पीस कोअरचे स्वयंसेवकही पाठवावेत, असा त्याचा रोख होता. पुढे काही वर्षांनी अहवालातला हा भाग मायक्रोनेशियाच्या विद्यार्थ्यांच्या हाती लागला आणि छापून आला, तेव्हा बेटांवर मोठी खळबळ माजली. मुलांना शिकवायला आलेल्या तरुणांना आपल्याला कुठल्या हिशेबात धरलं होतं, हे तेव्हा कळलं.

पण पटावर मांडलेली प्यादी मांडणाऱ्याच्या मनाप्रमाणे चालली नाहीत. आलेल्यांमध्ये कायदा शिकलेले तरुण होते. बेटांच्या नव्या विधिमंडळांना त्यांनी मसुदे लिहून दिले आणि प्रशासनाच्या निर्णयांना आव्हान कसं द्यायचं तेही शिकवलं. प्रदेशाचा अमेरिकी कारभार पाहणाऱ्या उच्चायुक्तांच्या कचेरीला ही मंडळी डोईजड होऊ लागली. ज्या सरकारने पाठवलं त्याच सरकारशी भांडायला स्वयंसेवक बेटवासीयांच्या बाजूने उभे राहतात, हे दृश्य साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे नवलाचं उरलं नव्हतं.

हे झालं राजकारण. प्रत्यक्ष बेटावर उतरल्यावर पहिला प्रश्न वेगळाच असे. आज रात्री जेवायला कुणाच्या घरी?

याप आणि चुऊक ही आजच्या मायक्रोनेशिया संघराज्यातली दोन राज्यं. मुख्य बेटांपासून शेकडो किलोमीटर दूर त्यांची ‘बाहेरची बेटं’ आहेत. सातावाल हे त्यातलं एक. सव्वा चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन, सुमारे पाचशे माणसं. भोवती प्रवाळाचा कडा आहे, पण आत शांत पाण्याचं खाजण नाही. त्यामुळे जहाज किनाऱ्याला लागूच शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं, मग लहान होड्या लाटांचा अंदाज घेत कडा ओलांडतात. विमानाची धावपट्टी नाही. सरकारी जहाज काही आठवड्यांनी येतं, कधी काही महिन्यांनी. येताना तांदळाची पोती, पीठ, साखर, कॉफी, तंबाखू, रॉकेल आणतं, जाताना सुकं खोबरं घेऊन जातं. आरोग्य कर्मचारी, शिक्षण खात्याचा माणूस, कुणाचे तरी पाहुणे आणि कुणाची डुकरं, सगळ्यांना हेच जहाज. ते थांबतं काही तास, फार तर एखादा दिवस. तेवढ्यात पत्रं द्यायची, घ्यायची, औषधं उतरवून घ्यायची. जहाज गेलं की बेट पुन्हा आपल्यापुरतं.

अशा ठिकाणी पगार, भत्ता, दुकान यांना फारसा अर्थ नसतो. जगायचं तर जमिनीत वाटा हवा, आणि जमीन असते कुळाची. म्हणून स्वयंसेवक आला की एखादं कुटुंब त्याला आपलं म्हणायचं. तो अमक्याचा मुलगा, तमकीचा भाऊ. पीस कोअरच्या कागदपत्रांत या कुटुंबाला ‘यजमान कुटुंब’ म्हणतात, पण बेटावर घडायचं ते दत्तकविधानाच्या जवळचं होतं. एकदा मुलगा झालात की घरचं नीरफणसाचं झाड तुमचं, अळूचा वाफा तुमचा आणि घरच्या वडीलधाऱ्यांचा शब्द तुम्हाला बंधनकारक.

या अळूच्या वाफ्यांजवळ जरा थांबायला हवं, कारण स्वयंसेवकाचं पोट त्यावर चालत असे. प्रवाळाच्या बेटावर माती जवळजवळ नसतेच. वाळू आणि चुनखडीचा चुरा. म्हणून बेटाच्या मध्यभागी, जिथे पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली तरंगत साठतं, तिथपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या खणून दलदल तयार केलेली असते. तिच्यात पालापाचोळा कुजवून चिखल करतात आणि मोठ्या पानांचं अळू लावतात. गुडघाभर चिखलात उभं राहून खोडाशी हात घालून कंद मोकळा करायचा, वरचं टोक तोडून तिथेच पुन्हा रोवायचं, कंद पाठीवर घालून घरी आणायचा. हे सारं काम बायकांचं. समुद्र पुरुषांचा, चिखल बायकांचा, अशी तिथली वाटणी. वाफे आईकडून मुलीकडे जातात. वादळात खारं पाणी आत शिरलं की सगळा वाफा मरतो आणि पुन्हा धरायला वर्षं लागतात. परदेशातून आलेल्या धडधाकट तरुणाच्या रोजच्या ताटात पडणारा कंद हा घरातल्या कुठल्या तरी मावशीच्या कंबरेच्या जोरावर आलेला असे.

नीरफणसाचा हंगाम आला की जेवणाची चैन. कोकणात आपण त्याचे काप करतो. तिथे तो शिजवून लाकडी पाटावर घेतात आणि प्रवाळाच्या दगडी बत्त्याने कुटून त्याचा चिवट, मऊ गोळा करतात. वरून नारळाचं दूध घालून पानात बांधतात. जास्तीचं फळ पानांचं अस्तर लावलेल्या खड्ड्यात पुरून आंबवून ठेवतात, म्हणजे वादळानंतरच्या उपासाच्या दिवसांत ते उपयोगी पडतं. त्याचा आंबूस वास नव्या माणसाला पहिल्यांदा सहन होत नाही.

माडी तर कोकणातल्या माणसाला सांगायलाच नको. माडाची पोय बांधायची, रोज सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून तिचं टोक पातळ कापायचं आणि खाली करवंटी टांगायची. ताजा रस गोड, तो मुलांना देतात. उरलेला दिवसभरात आंबतो. संध्याकाळी पुरुष झाडाखाली गोल करून बसतात. एकजण ओततो, एकच पेला सगळ्यांत फिरतो. बेटावरचे बहुतेक निर्णय, उद्या कोणती होडी कुठे न्यायची इथपासून शाळेचं छप्पर कधी शाकारायचं इथपर्यंत, या गोलातल्या गप्पांत मुरत जातात. पुरुष स्वयंसेवकाला या गोलात जागा मिळाली की त्याची खरी कामं सुरू होत. स्त्री-स्वयंसेवकाला तिथे जागा नव्हती. तिला तिची माणसं अळूच्या चिखलात आणि मागाजवळ शोधावी लागत. तिथल्या बायका कमरेला बांधलेल्या मागावर लावालावा विणतात, तेच त्यांचं वस्त्र.

नात्याबरोबर नियमही येत. यापच्या बाहेरच्या बेटांवर आणि चुऊकमध्ये बहीण-भावांतली अदब फार कडक. भाऊ बसलेला असेल तर बहिणीने त्याच्यापेक्षा उंच उभं राहायचं नाही. वाकून, कधी कधी अगदी गुडघे टेकून पुढे जायचं. कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठातून स्त्री-मुक्तीच्या घोषणा देऊन आलेल्या मुलीला बेटाने ‘मुलगी’ केलं की तिला एकदम पाच-सहा भाऊ मिळत आणि त्यांच्यापुढे वाकणंही येई. काहींनी ते मनापासून केलं, काहींनी दात-ओठ खाऊन, काही परत गेल्या. यावर वरवर निकाल देणं सोपं आहे. पण ती पाहुणी त्या घरचं अन्न खात होती, आणि ज्या बाईने तिला मुलगी म्हटलं ती आयुष्यभर तशीच वाकत आली होती, हेही विसरून चालत नाही.

सगळ्यांत जड जाई ती एकांताची टंचाई. त्या बेटांवर माणूस एकटा बसला म्हणजे त्याला काहीतरी दुखतंय, नाहीतर तो रागावलाय असा अर्थ. लगेच कुणीतरी सोबतीला येऊन बसायचं, तेही प्रेमाने. साठच्या दशकात पीस कोअर आपल्या स्वयंसेवकांना पुस्तकांची एक पेटी देत असे. अडीचशेच्या आसपास पुस्तकं, कादंबऱ्यांपासून इतिहासापर्यंत. दूरच्या बेटावर ती पेटी म्हणजे मोठा आधार, पण वाचायला बसलेला स्वयंसेवक यजमानांच्या नजरेत उदास माणूस ठरत असे.

आजारपण ही दुसरी भीती. रेडिओवर ठरलेल्या वेळी मुख्य बेटाशी बोलता येई, तेही हवामान आणि बॅटरी दोन्ही चांगली असतील तर. अपेंडिक्सचं दुखणं उठलं तर जहाज कुठे आहे यावर जीव अवलंबून. अर्थात ही टांगती अवस्था स्वयंसेवकाची दोन वर्षांचीच होती. बेटावरच्या बाळंतिणीची ती जन्माची होती. त्याच्यासाठी प्रसंगी खास विमान किंवा जहाज मागवता येई, तिच्यासाठी तसं कुणी मागवत नसे. हा फरक ज्यांच्या मनाला लागला त्यांनी पुढे आरोग्याच्या कामात जास्त जीव ओतला.

आणि सगळं नंदनवन नव्हतंच. १९७६ साली मायक्रोनेशियापासून खूप दक्षिणेला, टोंगात, पीस कोअरच्या एका तरुण स्वयंसेविकेचा खून झाला. आरोपी तिचाच सहकारी स्वयंसेवक होता. टोंगाच्या न्यायालयात त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं गेलं, तो अमेरिकेत परतला आणि मोकळा राहिला. फिलिप वाइस या पत्रकाराने जवळजवळ तीन दशकांनी, २००४ साली, ‘अमेरिकन टॅबू’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा ही हकिगत सर्वांसमोर आली. लहान बेटावर परदेशी माणसं मोजकी असतात, ती एकमेकांवर अवलंबून असतात आणि तिथे काही घडलं तर मदत फार लांब असते. संस्थेचं नाव सांभाळण्यापेक्षा आपल्या माणसांना सांभाळणं आधी यायला हवं, हे सांगणारी ती घटना होती.

मराठी वाचकाला पीस कोअर परकी नाही. भारतात ती १९६१ ते १९७६ अशी पंधरा वर्षं होती. आपल्याकडे आलेली सगळ्यांत प्रसिद्ध स्वयंसेविका म्हणजे लिलियन कार्टर, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई. पेशाने परिचारिका, नवरा वारलेला, मुलं मोठी झालेली. १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, त्या शिकागोत मराठीचे धडे गिरवून मुंबईला आल्या आणि विक्रोळीत गोदरेजच्या वसाहतीत राहिल्या. आधी कुटुंबनियोजनाचा प्रचार, मग तिथल्या दवाखान्यात रुग्णसेवा. घरी पाठवलेली त्यांची पत्रं १९७७ साली पुस्तकरूपाने छापून आली. विक्रोळी काही बेट नव्हे. पण न रुचणारं जेवण, औषधांची चणचण, दारात ताटकळलेले रुग्ण, घरची ओढ आणि शेजाऱ्यांचा लळा या गोष्टी सातावालच्या स्वयंसेवकालाही तशाच ओळखीच्या वाटल्या असत्या.

बेटांवरच्या स्वयंसेवकांचं काम म्हणून जे ठरलेलं असे ते बहुतेकदा शाळेत इंग्रजी शिकवण्याचं. पुस्तकं अमेरिकेतल्या मुलांसाठी लिहिलेली. बेटावरच्या मुलाला त्यातलं अर्धं जग कधी दिसणारच नव्हतं. चांगल्या शिक्षकांनी ती बाजूला ठेवून मासे, होड्या, वारे यांवर स्वतःच धडे लिहून काढले. तोवर तिथे राहिलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांपैकी फार थोड्यांनी स्थानिक भाषा शिकण्याची तसदी घेतली होती. पीस कोअरने ती सक्तीची केली. वीस-बावीस वर्षांची गोरी मुलं मोडकीतोडकी का होईना आपल्या बोलीत बोलतात, चुका करतात, हसण्यावारी नेतात, याचं बेटांवर अप्रूप वाटे. या काळात भाषेच्या अभ्यासालाही जोर चढला. १९७६ ते १९७९ या अवघ्या तीन-चार वर्षांत हवाई विद्यापीठाने मार्शल बेटं, कोस्राय, वोलेआय, याप आणि पोनपेई इथल्या भाषांचे इंग्रजी कोश प्रसिद्ध केले.

या हजारो स्वयंसेवकांपैकी बहुतेकांनी दोन वर्षं काढली, रडत निरोप घेतला आणि घर गाठलं. काही मुदतीआधीच परतले. थोडे मात्र बेटांच्या इतिहासात गुंतून राहिले. त्यांच्याकडे पाहिलं की कळतं, ठरलेल्या कामापेक्षा नाती किती लांब पोचली ती.

पी. एफ. क्लुगे हे त्यातले एक. सायपान बेटावर ‘मायक्रोनेशियन रिपोर्टर’ हे नियतकालिक संपादित करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. तिथे ट्रस्ट टेरिटरीतल्याच पलाऊ बेटांचा तरुण नेता लाझारस सालिई याच्याशी त्यांची मैत्री जमली. १९७५ साली मायक्रोनेशियाची घटना लिहायला परिषद बसली तेव्हा क्लुगे पुन्हा आले, आणि घटनेची उद्देशिका त्यांच्या हातून उतरली. विखुरलेल्या बेटांनी एक राष्ट्र व्हावं, हे स्वप्न त्या उद्देशिकेत आहे. प्रत्यक्षात १९७८च्या सार्वमतात पलाऊ आणि मार्शल बेटांनी ती घटना नाकारली आणि राष्ट्र तुकड्यांनीच जन्मलं. सालिई पुढे पलाऊचे अध्यक्ष झाले आणि १९८८ साली त्यांनी आत्महत्या केली. मित्राच्या मृत्यूचा माग काढत क्लुगे पुन्हा बेटोबेटी हिंडले. ‘द एज ऑफ पॅराडाइज’ हे १९९१चं पुस्तक त्यातून आलं. परक्या माणसाने दुसऱ्या देशाची उद्देशिका लिहावी का, हा प्रश्न रास्त आहे. पण ज्यांच्या वतीने लिहिली त्यांच्यासाठी हा माणूस पुढची पंधरा-वीस वर्षं झुरत राहिला, हेही खरं आहे.

मार्शल बेटांवर गोष्टी आणखी गंभीर होत्या. बिकिनी बेटाच्या १६७ रहिवाशांना १९४६ साली अणुचाचण्यांसाठी हलवण्यात आलं होतं, आणि ते परत कधी नीट वसलेच नाहीत. १९८१ साली जॅक नीडेनथाल नावाचा तरुण पीस कोअरतर्फे मार्शल बेटांवर आला. त्याने भाषा शिकली, बिकिनीच्या मुलीशी लग्न केलं आणि तिथलाच झाला. पुढे अनेक वर्षं तो बिकिनीवासीयांच्या नुकसानभरपाईच्या कामात त्यांचा माणूस म्हणून वॉशिंग्टनशी बोलत राहिला. विस्थापितांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी त्याने ‘फॉर द गुड ऑफ मॅनकाइंड’ या पुस्तकात नोंदवल्या. नंतर तो देशाचा आरोग्य सचिवही झाला. तो त्या पदावर असताना करोनाच्या साथीत मार्शल बेटांनी समाजातला फैलाव ऑगस्ट २०२२ पर्यंत रोखून धरला होता. ग्लेन अल्कले हा दुसरा तरुण १९७५ ते १९७७ या काळात उट्रिक बेटावर होता. १ मार्च १९५४च्या ‘ब्राव्हो’ स्फोटाची किरणोत्सारी राख जिथवर पोचली त्यातलं हे बेट. शेजारणींनी सांगितलेल्या गर्भपाताच्या, आजारांच्या हकिगती त्याने ऐकल्या आणि पुढे तोच त्याच्या संशोधनाचा आणि लढ्याचा विषय झाला.

पण सगळ्यांत विलक्षण हकिगत सातावालची आहे.

माइक मॅकॉय हा पीस कोअरचा स्वयंसेवक तिथे गेला, तिथल्या मुलीशी लग्न करून तिथल्या कुळात सामील झाला. सातावालचे पुरुष उलांडीच्या होड्यांतून होकायंत्र, नकाशा यांपैकी काहीही न घेता शेकडो मैल जात-येत. रात्री उगवणाऱ्या आणि मावळणाऱ्या ताऱ्यांची रांग, समुद्राच्या वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या लाटांचा होडीच्या तळाला बसणारा हेलकावा, संध्याकाळी घरट्याकडे परतणारे पक्षी, ढगाच्या पोटाला चढलेली खाजणाची हिरवट झाक, हे त्यांचे नकाशे. चटईवर प्रवाळाचे खडे गोलाकार मांडून मध्ये होडीची खूण ठेवायची आणि मुलांकडून प्रत्येक खड्याच्या ताऱ्याचं नाव पाठ करून घ्यायचं, अशी तिथली शाळा. १९७० साली सातावालची माणसं अशा होडीतून थेट सायपानपर्यंत, आठशे किलोमीटरहून जास्त, गेली. कित्येक दशकांत असा प्रवास झाला नव्हता. मॅकॉयने त्यावर १९७३ साली अभ्यासपूर्ण लेख लिहिला.

त्याच वर्षी हवाईत ‘पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी’ स्थापन झाली. आपले पूर्वज समुद्रात वाहवत येऊन बेटांना लागले नाहीत, जाणूनबुजून होड्या हाकत आले, हे तिच्या लोकांना सिद्ध करायचं होतं. होडी त्यांनी बांधली, होकुलेआ. पण ताऱ्यांवरून ती हाकणारा माणूस हवाईत एकही उरला नव्हता. मॅकॉयच्या ओळखीतून ते सातावालच्या माऊ पियाइलुगपर्यंत पोचले. माऊला आजोबांनी लहानपणापासून ही विद्या शिकवली होती. पण बेटावरची पोरं आता शाळेत इंग्रजी शिकत होती, मोटारबोटींच्या मागे लागली होती, आणि आपल्यानंतर हे ज्ञान संपणार याची त्याला खंत होती. ही विद्या परक्यांना सांगणं परंपरेला धरून नव्हतं, तरी तो तयार झाला.

१ मे १९७६ रोजी होकुलेआ हवाईच्या माउई बेटावरून निघाली. माऊ या पाण्यात कधी आला नव्हता, दक्षिणेकडचं आकाश त्याच्या रोजच्या सवयीचं नव्हतं. होडीवर माणसांत भांडणंही झाली. सुमारे चार हजार किलोमीटर कापून ४ जूनला ती ताहितीच्या पापेएटे बंदरात शिरली, तेव्हा किनाऱ्यावर हजारो लोक जमले होते. पुढे माऊ हवाईत पुन्हा आला आणि त्याने नाइनोआ थॉम्पसन याला शिकवलं. २००७ साली सातावालच्या किनाऱ्यावर थॉम्पसनसह हवाईच्या नाविकांना ‘प्वो’ ही दीक्षा दिली गेली. माऊ २०१० साली वारला. आज पॅसिफिकमधल्या अनेक बेटांवर तरुण मुलं-मुली ताऱ्यांवरून होड्या हाकायला शिकतात.

ही विद्या सातावालची, श्रेयही सातावालचं. मॅकॉयने ती शोधून काढली नाही की वाचवलीही नाही. तो तिथे जावई म्हणून राहत होता, दोन्हीकडची भाषा त्याला येत होती आणि योग्य वेळी त्याने एका माणसाची दुसऱ्याशी गाठ घालून दिली. पीस कोअरच्या कुठल्याही कामाच्या यादीत हे काम लिहिलेलं नव्हतं, लिहिता आलंही नसतं. एखाद्या बेटाने परक्याला घरचं मानल्यावरच अशा गोष्टी घडतात.

दुसरी बाजूही तितकीच ठळक आहे. १९८६ साली मायक्रोनेशिया संघराज्य अमेरिकेशी ‘मुक्त सहयोगा’चा करार करून स्वतंत्र झालं. या करारान्वये तिथल्या नागरिकांना व्हिसाशिवाय अमेरिकेत राहता, नोकरी करता येते, अमेरिकी सैन्यात भरती होता येतं. दोन दशकं इंग्रजी शिकवून झाली होती. मुलं गुआमला गेली, हवाईला गेली, मुख्य भूमीवर गेली. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर घरं उभी राहिली, आजाऱ्यांना उपचार मिळाले. पण अळूच्या वाफ्यात उतरणारे हात कमी झाले, तांदूळ आणि डबाबंद मांस वाढलं, मधुमेहही वाढला. याला स्वयंसेवक जबाबदार, असं म्हणणं अन्यायाचं होईल. जहाजं, पैसा, करार हे त्यांच्याहून फार मोठे. तरी इंग्रजी शिकवणारा शिक्षक बेटाबाहेर नेणारी वाट रुंद करत होता, हे मान्य करायलाच हवं. त्या वाटेने जायचं की नाही हे ठरवायचा हक्क मात्र त्या मुलांचाच होता.

२०१८ साली, ५२ वर्षांनंतर, पीस कोअरने मायक्रोनेशिया संघराज्य आणि पलाऊमधला आपला कार्यक्रम बंद केला. मार्च २०२०मध्ये करोनामुळे जगभरातले सुमारे सात हजार स्वयंसेवक एकदम मायदेशी बोलावले गेले. फिजी, सामोआ, टोंगा, वानुआतू इथल्या बेटांवर तर यजमान कुटुंबांना नीट निरोपही देता आला नाही. मग पॅसिफिकमध्ये चीनचा वावर वाढला तशी वॉशिंग्टनला या बेटांची पुन्हा आठवण झाली, आणि २०२२ साली या चारही देशांत स्वयंसेवक परत पाठवण्याची घोषणा झाली. १९६३च्या अहवालाशी असलेलं या घोषणेचं साम्य बेटांवरच्या जाणत्यांच्या नजरेतून सुटलेलं नसणार.

नव्याने जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी आता आधीच ठरवायला हव्यात. स्वयंसेवक हवा की नको आणि कशासाठी, हे गावाच्या बैठकीत ठरावं. यजमान घराला तांदळापासून इंधनापर्यंत त्याच्या खाण्यापिण्याचा खर्च वेळेवर आणि पुरेसा मिळावा. त्याच्यासाठी आजारपणात जे विमान बोलावलं जाईल, त्यात गावातल्या अडलेल्या बाळंतिणीलाही जागा असावी. आणि दोन वर्षांनी तो निघून गेल्यावर ज्या बाईने त्याला मुलगा म्हटलं तिची खबर त्याने, निदान पत्राने, घेत राहावी. पूर्वी हे जहाजावर अवलंबून होतं. आता अनेक बेटांवर फोन पोचले आहेत.